वाच्यता, कैफियत की वाचा फोडणे?

प्रश्न: महिला मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिते आहे. कामाच्या ठिकाणी झालेला छळ एखादीने स्वतःच्या नावानिशी जाहीरपणे सांगितला, तर त्या सांगण्याला काय म्हणावं? 'मी टू' सगळ्यांना कळतं, पण मला मराठी क्रियापद हवंय. 'वाच्यता केली' चालेल का?

प्रतिसाद: 'वाच्यता' कृपया नको. 'कुठे वाच्यता केलीस तर जिवे मारीन, अशी धमकी दिली' हे गुन्ह्याच्या बातम्यांतलं ठरलेलं वाक्य आहे. गोष्ट झाकून राहावी असं ज्याला वाटतं, त्याच्या तोंडचा तो शब्द. 'बोभाटा' आणि 'गवगवा' तर बोलणारीलाच दोष देतात. 'चव्हाट्यावर आणणे' दुधारी आहे: भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणला की शाबासकी, घरातलं आणलं की ठपका. बाईच्या बाबतीत लोक ठपकाच ऐकतात.

'वाचा फोडणे' घ्या. फक्त वाचा अन्यायाला फुटते, बाईला नाही. 'संस्थेने पीडितांना वाचा फोडली' असं लिहिलं की त्या आधी मुक्या होत्या असा अर्थ निघतो. त्या बोलत होत्याच, कुणी ऐकत नव्हतं.

प्रश्नकर्ती: पटलं. आणि 'कैफियत मांडली'?

प्रतिसाद: बोलीत चालेल. पण दिवाणी कोर्टात वादीचा दावा असतो आणि प्रतिवादीची कैफियत. म्हणजे तिथे कैफियत देतो तो ज्याच्यावर दावा लागलाय तो. प्रत्यक्षात बोलणाऱ्या बाईवर हीच पाळी येते, हे मात्र खरं. पत्रकार प्रिया रमाणी यांनी २०१८ मध्ये छळ करणारा म्हणून माजी संपादक आणि तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांचं नाव घेतलं आणि अकबर यांनी लावलेल्या फौजदारी बदनामीच्या खटल्यात आरोपी म्हणून त्याच उभ्या राहिल्या. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. बाईला तिच्या पसंतीच्या कुठल्याही व्यासपीठावर, कित्येक दशकांनंतरही, तक्रार मांडता येते, असं त्या निकालात म्हटलं आहे. 'इतकी वर्षं गप्प का होती?' असं विचारणाऱ्यांसाठी हे लेखात जरूर घाला.

आणखी एक प्रतिसाद: 'अत्याचार झाल्याची कबुली दिली' हेही टाळा. कबुली गुन्हेगार देतो. 'तोंड उघडलं'चंही तसंच, पोलिसी खाक्या दाखवल्यावर आरोपी तोंड उघडतो. 'आपबीती' हिंदीकडून आलेला असला तरी आता रुळलाय, मला खटकत नाही. पण सगळ्यात चांगलं म्हणजे साधं 'सांगितलं' किंवा 'लिहिलं'. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे यांनी १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. विषय जातीच्या अन्यायाचा होता, पण सोसणाऱ्याने स्वतः, नावानिशी, छापील लिहिण्याचं मराठीतलं इतकं जुनं उदाहरण हाताशी आहे. तिथे 'दुःख' एवढा शब्द पुरला.

प्रश्नकर्ती: मग असं लिहिते: 'तिने वरिष्ठाकडून झालेल्या छळाविषयी जाहीरपणे लिहिलं आणि कार्यालयातल्या अन्यायाला वाचा फोडली.'

प्रतिसाद: उत्तम. पुढे 'कथित पीडिता' लिहू नका, 'तक्रारदार' लिहा. शंका दाखवायची तर ती 'आरोप' या शब्दात आलेलीच असते. आणि लेखात बलात्काराची घटना येणार असेल, तर त्या स्त्रीच्या लेखी परवानगीशिवाय तिचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही छापू नका. तो कायद्याने गुन्हा आहे.