मदत हवी आहे: तोरिनोमध्ये शाकाहारी आईबाबांना कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरमध्ये आईबाबांना इटलीला नेतोय, त्यातले चार दिवस तोरिनोत (म्हणजे ट्युरिनमध्ये). त्यांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, म्हणून एक संध्याकाळ अगदी थाटात व्हावी अशी मनापासून इच्छा आहे.

डोक्यात आहे पियाझ्झा कारिन्यानोवरचं 'देल कांबियो'. १७५७ पासूनचं रेस्टॉरंट, इटलीच्या एकीकरणाचे शिल्पकार कावूर तिथे नेमाने जेवायचे. बाबा इतिहासवेडे, खूश होतील. पण दोघं पक्के शाकाहारी. तिकडच्या आन्योलोत्तीत, म्हणजे भरलेल्या पास्त्यात, मांसाचं सारण असतं. 'बान्या काउदा' हे गरम डिप भाज्यांबरोबर येतं खरं, पण त्यात अँचोव्ही मासे! आधी कळवलं तर पूर्ण शाकाहारी जेवण करून देतात का? बाबांना कोट लागेल का? किती दिवस आधी टेबल राखावं?

सकाळी कोन्सोलाता चर्चसमोरच्या 'अल बिचेरिन'ला नक्की जाणार. १७६३ चं कॅफे, आत मोजकीच संगमरवरी टेबलं. मी मागे एकटा गेलो होतो. काचेच्या छोट्या पेल्यात गरम चॉकलेट आणि कॉफी, वर थंडगार क्रीमचा जाड थर. ढवळायचं नाही, त्या गारव्यातूनच कडू-गोड घोट घ्यायचा. तो पहिला घोट आईने घ्यावा असं तेव्हाच वाटलं होतं.

आणखी एका कॅफेत जायचं तर 'फिओरिओ' की 'बाराती अँड मिलानो'? आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे काउंटरशी उभं राहणं जमणार नाही. टेबलावर बसलं की दर किती वाढतो? अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.