ग्वांगझौचं बोटॅनिकल गार्डन: आईला घेऊन जाण्यासारखं आहे का?

फौंड्रीवाला_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात कँटन फेअरला, म्हणजे चीनमध्ये ग्वांगझौला भरणाऱ्या व्यापारी प्रदर्शनाला चाललोय, मशिनरी आणि हार्डवेअर पहिल्या फेजला असतं म्हणून १५ ते १९ तिथेच. यावेळी आई पण येतेय, पासपोर्ट काढल्यापासून तिचा नुसता कपाटात पडून होता. फेज संपली की २० ते २२ हॉल बंद, दुसरी फेज २३ पासून, आणि आमचं रिटर्न २२ च्या रात्रीचं, म्हणजे मधले दिवस मोकळेच. मॉल, टॉवर, क्रूझ यात आईला काडीचा रस नाही, झाडं म्हटलं की मात्र पुढे, कुणाच्याही दारातली फांदी मागून घेऊन पिशवीत टाकणार आणि घरी येऊन लावणार. नेटवर तिथल्या बोटॅनिकल गार्डनचे फोटो बघितले, तळं आणि काठाला सगळी लालभडक झाडं, ते बघून ती हरखलीये. तर प्रश्न असे की ऑक्टोबरात ते तसं दिसतं का, आईचे गुडघे दुखतात तर चालणं किती आहे, पाझोऊहून (फेअरचे हॉल आहेत तो भाग) जायचं कसं, आणि आम्ही पक्के शाकाहारी तर खायचं काय. अख्खा दिवस घालवण्यासारखं आहे का तेही सांगा, नाहीतर दुसरं काही बघतो.

मोतीनदीकाठची

दादा, मी ग्वांगझौलाच राहते, मुलगा लहान होता तेव्हा त्याला घेऊन सारखी जायचे तिकडे. पहिल्यांदा फोटोचं सांगते म्हणजे आईंचा विरस व्हायला नको. ते लाल तळं डिसेंबर-जानेवारीतलं असतं, ऑक्टोबरात ती झाडं हिरवीच असतात, इथे थंडी उशिरा येते. फोटो टाकणारे महिना लिहीत नाहीत आणि आपण भारतातून बघून ऑक्टोबरात येतो. हिरवं तळं पण छानच दिसतं पण लालच्या आशेने येऊ नका.

आता चालण्याचं. बाग ३१९ हेक्टर आहे, म्हणजे ७८८ एकर, आणि पुण्याची एम्प्रेस गार्डन आहे ३९ एकरांची, यावरून काय ते समजा. सगळी बघायची असं मनात धरून कुणी गेलं की दुपारी दोनला माणूस बाकावर आडवा. आत बॅटरीवरच्या गाड्या फिरतात त्याचं वेगळं तिकीट काढा, गेटचं २० युआन आहे, काचघरांचं परत वेगळं. पासपोर्ट मूळ जवळ असू दे, झेरॉक्स नको.

माझं ऐकाल तर दोनच ठिकाणं पक्की करा. एक तळं आणि दुसरी आल्याची बाग, म्हणजे आलं, हळद, सोनटक्का या कुळातली सगळी झाडं एका जागी. ऑक्टोबरात सोनटक्का फुललेला असायची चांगली शक्यता असते. आपल्याकडे गणपतीत बघतो तोच, पण त्याची भावंडं एवढी असतात हे इथे कळतं, कुणाचं फूल जमिनीलगत मातीतूनच वर आलेलं, पान बाजूला केल्याशिवाय दिसतच नाही, आणि कुणाचं लाल मेणाचं कणीस केल्यासारखं. आई तिथेच तासभर रमतील बघा. काचघरं वेळ उरला तर. चार आहेत, शहराचं फूल म्हणजे आपली काटेसावर, ती पाण्यावर पडलीये अशा आकाराची बांधलीत. एक वाळवंटाचं, एक थंड डोंगराळ झाडांचं वगैरे. निवडुंग बघायला चीनला कशाला जायचं, असं मला वाटतं, पण मुलांना आवडतं.

रानभूल

वरच्या ताईंनी मस्त लिहिलंय, थोडी भर घालतो, वनस्पतीशास्त्र शिकवून रिटायर झालोय तेव्हा राहवत नाही. ही बाग नुसती फिरायची बाग नाही, मूळ संस्था १९२९ ची, चेन ह्वानयोंग नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी सुन यात-सेन विद्यापीठात काढलेली, आता चायनीज अकॅडमी ऑफ सायन्सेसकडे आहे. या चेन साहेबांचं आणखी एक काम म्हणजे काथाया नावाचा सूचिपर्णी वृक्ष, त्याचं शास्त्रीय वर्णन १९५८ मध्ये त्यांनी सहकाऱ्याबरोबर केलं. २०२२ साली बागेला राष्ट्रीय दर्जा मिळाला, बीजिंगनंतर दुसरी.

तळ्याकाठी गेलात तर आईंना एक गंमत दाखवा. दोन झाडं लांबून सेम टू सेम वाटतात, सरळ शेलाटी, पिसासारखी पानं. एक चिनी मेटासेक्वोया, जे १९४१ मध्ये जपानी शास्त्रज्ञाने फक्त जीवाश्मावरून नाव दिलेलं आणि नंतर चीनमध्ये जिवंत सापडलं. दुसरं अमेरिकेतून आलेलं टॅक्सोडियम, दलदलीतलं. ओळखायचं कसं? खाली पडलेली एखादी डहाळी उचला (झाडाची तोडू नका, आईंना आधीच बजावून ठेवा), चिमुकली पानं समोरासमोर जोडीने असतील तर मेटासेक्वोया, एक इकडे एक तिकडे अशी आलटून पालटून असतील तर टॅक्सोडियम. आणि टॅक्सोडियमच्या बुंध्याभोवती चिखलातून लाकडाचे खुंट वर आलेले दिसतात, त्यांना इंग्रजीत गुडघेच म्हणतात, आईंच्या दुखण्याला सोबत. थंडीत लाल होतात ती हीच झाडं.

मधल्यासुट्टीत

सगळं खरं पण मी उलट बोलणार. अख्खा दिवस एवढा मोठा पसारा तुडवायचा गुडघेदुखीत? मी तर म्हणेन आईंना ग्वांगशियाओ मंदिरात न्या, शहराच्या मध्यात आहे, मेट्रोच्या १ नंबर लाईनवर शीमेनकोऊ स्टेशनला उतरलं की जवळ. तिथे पिंपळ आहे. परंपरा अशी सांगतात की भारतातून आलेल्या एका भिक्षूने ५०२ साली तो आणून लावला आणि पुढे हुईनंग या झेन गुरूंचं मुंडन त्याच्याखाली ६७६ मध्ये झालं. मूळ झाड वादळात गेलं, आताचं त्याच वंशातलं समजतात. एक पिंपळ, बसायला जागा, दोन तासांत हॉटेलवर परत. वर झाडाची एवढी मोठी गोष्ट. बोटॅनिकल गार्डन तुमच्यासाठी ठेवा.

मोतीनदीकाठची

@मधल्यासुट्टीत दोन्ही होतं की, एक दिवस हे एक दिवस ते, तीन दिवस आहेत त्यांच्याकडे.

जायचं राहिलंच. मेट्रोने पाझोऊहून ८ नंबर लाईन, कचूनला बदलून ३ नंबर, तिआनहे बस टर्मिनलच्या दिशेची धरा, विमानतळाची नको, शेवटच्या स्टेशनवर उतरून ६ नंबर, तिथून दुसरं स्टेशन बोटॅनिकल गार्डन. पण ३ नंबरला गर्दी म्हणजे सकाळच्या विरार लोकलची आठवण येते, आणि ६ नंबरची गाडी चारच डब्यांची. म्हणून आई बरोबर असताना सरळ दीदी टॅक्सी करा, अलिपे या पैसे भरायच्या ॲपमधूनच बुक होते. अलिपेला व्हिसा किंवा मास्टरकार्ड भारतातूनच जोडून या, इथे येऊन ओटीपीची भानगड नको. गुगल मॅपवर अवलंबून राहू नका, गाओडेचा मॅप टाका. भारतातलं रोमिंग असेल तर व्हॉट्सअप चालतं, हॉटेलच्या वायफायवर चालत नाही.

खाणं: बागेत शाकाहारीचा भरवसा धरू नका. इथे नुसती उकडलेली पालेभाजी मागवली तरी वर ऑयस्टर सॉस ओतून देतात आणि त्यांच्या हिशोबी ती भाजीच असते. "मांस, मासे, अंडं, ऑयस्टर सॉस, चरबी नको" असं चिनीत लिहून मोबाईलमध्ये ठेवा आणि दाखवा. बागेच्या दिवशी मात्र डबाच न्या. गुळाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तीन-चार दिवस टिकतात, ते सांगायला नको कोल्हापूरकरांना.

फौंड्रीवाला_कोल्हापूर

लई उपकार झाले सगळ्यांचे. आईला वाचून दाखवलं, लाल तळं नाही म्हटल्यावर थोडी नाराज झाली पण सोनटक्क्याचं ऐकून परत खुश. २० ला बाग आणि २१ ला पिंपळ असं ठरलं. ती विचारतेय की पिंपळाची पडलेली पानं घ्यायला देतात का, आणि सोनटक्क्याचा कंद मिळेल का कुठे.

रानभूल

पडलेलं पान पुस्तकात ठेवायला कुणी काही म्हणणार नाही बहुतेक, तरी तिथल्या माणसाला विचारून घ्या. कंद मात्र अजिबात नको. माती लागलेलं, उगवणारं काहीही परवाना आणि सर्टिफिकेटशिवाय भारतात आणता येत नाही, विमानतळावर जप्त होतं. सोनटक्का तुमच्या कोल्हापुरातच कुठल्याही नर्सरीत मिळेल, जूनमध्ये लावा.

मोतीनदीकाठची

आणि डासांचं औषध. तळ्याकाठी आणि आल्याच्या बागेत फार चावतात, आईंना पूर्ण बाह्यांचं काहीतरी घालायला सांगा.