प्रतिसाद: सासूबाईंचं कॅल्शियम ११.२ आलंय, वयामुळं असेल का?

ताई, वयामुळं कॅल्शियम वाढत नसतंय, तेवढ्यावर थांबू नका प्लीज. आमच्या आईचं असंच झालं, वय ७३, रोज रंकाळ्यावर फिरणारी बाई जिन्यात कठडा धरून उभी राहायला लागली, थकवा, बद्धकोष्ठता, गॅसवर दूध ठेवून विसरणं, दोन वर्षं सगळं म्हातारपणावर ढकललं आणि मुतखडा निघाला तेव्हा कुठं एका डॉक्टरांनी पीटीएच करायला लावली, म्हणजे गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या हार्मोनची रक्ततपासणी. हे हार्मोन कॅल्शियम वाढवतं, आणि आईची ग्रंथी ते जादा बनवत होती.

कॅल्शियम आणि पीटीएच एकाच वेळच्या रक्तात बघायचं. कॅल्शियम जास्त असताना पीटीएच खाली जायला पाहिजे, म्हणून तेव्हा ते रेंजमध्ये आलं तरी नॉर्मल धरायचं नाही, आमचा पहिला रिपोर्ट इथंच बाजूला पडला, अजून वाईट वाटतं. सोबत अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीसाठी), व्हिटॅमिन डी करा. बीपीची गोळी थायझाइडवाली असली तर तिच्यानंही कॅल्शियम चढतं, ते डॉक्टरांना सांगाच. हाडांची डेक्सा (घनता मोजणारी तपासणी) मनगटासकट घ्या, या पॅराथायरॉइडच्या आजारात तिथलं हाड लवकर झिजतं.

सेस्टामिबी स्कॅन वाढलेली ग्रंथी शोधायला असतो, निदान रक्तावरच. स्कॅनमध्ये दिसली नाही म्हणून आजार नाही असं नव्हे.

ती ग्रंथी काढायचं ऑपरेशन वय बघून नाकारू नका, पण सर्जन याच ग्रंथींची ऑपरेशनं नेहमी करणारा बघा. आईची एकच ग्रंथी वाढलेली, तांदळाच्या दाण्याएवढी असायची ती शेंगदाण्याएवढी झालेली. दुसऱ्या दिवशी ओठांना मुंग्या आल्या, कॅल्शियम उतरल्यामुळं, गोळ्या दिल्यावर थांबल्या.

तोवर पाणी भरपूर द्या, दूध मात्र बंद करू नका.