मदत हवी आहे: खडीच्या वाघिणी अर्ध्याच का भरतात?

मंडळी, प्रश्न पोरकट वाटेल, पण घरात त्यावरून दोन आठवडे वाद चालू आहे.

मी आणि माझी नववीतली मुलगी रेल्वेचा १:८७ मापाचा एक छोटा देखावा करतोय. दगडखाण, दगड फोडायचा क्रशर, शेजारी सायडिंग (माल भरायचा बाजूचा रूळ) आणि तिथे उभी मालगाडी. तयार मॉडेलं खिशाला झेपत नाहीत, म्हणून बॉक्सएन वाघीण (मालगाडीचा वरून उघडा डबा) पुठ्ठ्यातून घरीच कापली. खरी वाघीण कपलरसकट (डबे जोडायच्या आकड्यांसकट) १०.७ मीटर, आमची १२३ मिमी. (रुळांचं विचारू नका. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, या मापात तो १९ मिमीच्या वर जातो. बाजारात मिळतो १६.५ चा. चाकं आत सरकवली आणि गप्प बसलो.)

मी वाघीण शीग लावून भरली. कोळशाच्या गाड्या तशाच तर जातात! मुलगी म्हणते, "बाबा, चुकलं." स्टेशनच्या पादचारी पुलावरून आम्ही खडीची गाडी पाहिली होती, तेव्हा एकूणएक डबा वरून बराच रिकामा होता. मी म्हटलं, वाटेत थोडी उतरवली असेल. तिला ते पटलेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

दुसरं म्हणजे, त्याच मार्गावर उतरत्या तळाच्या, बुटक्या वाघिणीही दिसतात, त्यातही खडीच असते. मग क्रशरच्या सायडिंगला कोणती शोभेल?

आणि खडी कशाची करावी? रवा काळा रंगवून पाहिला. तिसऱ्या दिवशी मुंग्यांनी अर्धी वाघीण खाली केली.

प्रतिसाद १

मुलगी बरोबर आहे. वाघीण जागेने नाही, वजनाने भरते. मूळच्या बॉक्सएनला चार आस (चाकांच्या जोडीचा दांडा), प्रत्येकावर २०.३२ टन, म्हणजे एकूण ८१.२८. त्यातून रिकाम्या डब्याचे २२.४७ वजा करा, मालाला उरतात ५८.८१ टन. डब्यात जागा आहे ५६ घनमीटरच्या आसपास. कोळसा हलका, म्हणून तो काठाला येतो. फोडलेला काळा दगड घनमीटरला सुमारे १.६ टन भरतो, त्यामुळे ३७ घनमीटरमध्येच कोटा संपला. म्हणजे डब्याचा दोन तृतीयांश भाग. काही मार्गांवर पुढे जास्त भार भरायला परवानगी मिळाली, तरी दगडाने काठ गाठणं अवघडच.

तुमच्या मापात आतली उंची साधारण २२ मिमी असेल, खडी १५ मिमीपर्यंत ठेवा. फक्त सपाट करू नका. लोडरच्या बकेटने टाकलेला माल ढिगाढिगाने पडतो.

प्रतिसाद २

त्या बुटक्या म्हणजे बीओबीवायएन, तळातून माल सोडणाऱ्या हॉपर वाघिणी. शेवटचा एन हवेच्या ब्रेकचा. या रेल्वेच्या स्वतःच्या कामाच्या, रुळांखाली खडी टाकायच्या. झाकणं उघडली की खडी रुळांच्या मधे आणि बाहेरच्या बाजूंना पडते, गाडी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहते. बॉक्सएनचा तळ सपाट, दरवाजे बाजूला. ती रिकामी करायला एकतर माणसं लावा नाहीतर पोकलेन. नावाने गोंधळू नका, बीओबीआरएनसुद्धा हॉपरच आहे, पण ती वीज केंद्राच्या कोळशाची, हवेच्या दाबाने झटकन उघडणारी.

तेव्हा आधी ठरवा, तुमच्या क्रशरची खडी जाते कुठे? बांधकामाला जात असेल तर बॉक्सएन. रेल्वेच्या खडीचा डेपो दाखवायचा असेल तर हॉपर, आणि शेजारी रुळांखालच्या स्लीपरची एक थप्पी रचा, लगेच जिवंत वाटेल. दोन्ही जाती एकाच गाडीत जोडू नका, माझ्यासारख्या खवचट माणसाच्या डोळ्यात खुपतं.

अंगावर अकरा आकडी नंबर घालणार असाल तर पाचवा-सहावा आकडा म्हणजे बांधणीचं साल. अगदी अलीकडच्या सालाचा नंबर घालून डबा गंजवून गंजवून लाल केलेला बघितलाय मी. हसू येतं.

प्रतिसाद ३

रवा सोडा हो! कल्पना मात्र मापाला धरून होती. रुळांखालची खडी ५० मिमीची धरतात, १:८७ मध्ये ती जेमतेम अर्धा मिमी. कुठल्याही बांधकामावरून मूठभर क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) मागून आणा, धुऊन वाळवा आणि चहाच्या जुन्या गाळणीतून चाळा. दगड तोच, रंगही तोच. खाली थर्मोकोलचा खोटा तळ घाला, नाहीतर वाघीण जड होऊन इंजिन जागचं हलणार नाही. पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ड्रॉपरने सोडा. साबण विसरलात तर पाणी वर गोळ्या होऊन बसेल आणि खडी तरंगेल.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. वजाबाकी मुलीला वाचून दाखवली, तेव्हापासून ती फारच मान वर करून फिरतेय. शीग उपसली, १५ मिमीवर पेन्सिलीची रेघ मारली. क्रश सँड समोरच्या बांधकामावरच्या वॉचमनदादांनी दिली, वर "एवढ्याशा पिशवीत काय बांधताय?" असंही विचारलं.

हॉपर दुसऱ्या टप्प्यात करू. त्यासाठी बीओबीवायएनचा टोकाकडून, जवळून काढलेला फोटो कुणाकडे असेल तर कृपया टाका. आमच्याकडचे सगळे फाटकावरून काढलेले, आणि सगळे हललेले.