ग्राफिक्स कार्डाला टेकू: गरज की नसती काळजी?

ओळंबा
काल कॅबिनेटची काच पुसताना दिसलं, ग्राफिक्स कार्डाचं शेपूट खाली आलंय. पट्टी घेऊन मोजलं. खालच्या पत्र्यापासून मागे ११८ मिमी, पुढच्या टोकाला १११. म्हणजे सरळसरळ ७ मिमीचा झोल. पण कार्ड तीन वर्षं चालतंय, एकदाही रुसलेलं नाही. तरी जिथे विचारावं तिथे एकच उत्तर: स्टँड घे, नाहीतर कार्ड गेलं समज. माझं मत विचाराल तर ही भीती टेकू विकणाऱ्यांनी पोसलेली आहे. दिसायला वाईट दिसतं, एवढंच. बोला आता.

पक्कडपाना
बोलतो. मदरबोर्डवर कार्ड ज्यात बसतं त्या एक्स१६ स्लॉटची लांबी ८९ मिमी. तुझं कार्ड ३०० च्या पुढे असणार. मागे दोन स्क्रू, थोडं पुढे स्लॉटची पकड आणि उरलेलं अर्धं कार्ड अधांतरी. २०२२ चं आरटीएक्स ४०९० फाउंडर्स एडिशन घे: ३०४ मिमी लांब, वजन दोन किलोच्या वर. घराची गॅलरी अशी बांधली तर तू तिथे चहा घेऊन उभा राहशील?

ओळंबा
गॅलरीत सळ्या असतात की. कार्डालाही पाठीवर बॅकप्लेट असते, उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकचा अख्खा धातू असतो. मुळात आपण ज्याला वाकणं म्हणतो, त्यात बोर्ड फारसा वाकलेलाच नसतो. मागच्या पट्टीत ढिलाई असते, तेवढं अख्खं कार्ड कलतं. कलणं वेगळं, वाकणं वेगळं.

शंकासूर
टेकूवर उभी असलेली सरकारं फार टिकत नाहीत, कार्डं टिकतात का? (गेलो, गेलो.)

कथिलाचा थेंब
मी कार्डं दुरुस्त करते, म्हणून लिहिते. ओळंबा, कलणं आणि वाकणं वेगळं हे तुमचं बरोबर. पण 'दिसायला वाईट, एवढंच' हे नाही.

सोनेरी दातांच्या शेवटी बोर्डाला एक छोटा आकडा असतो, स्लॉटची क्लिप त्यातच अडकते. भिंगाखाली धरलं की त्या आकड्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघालेली केसासारखी रेघ दिसते. वरून ओरखडा वाटतो, नखाला जेमतेम लागते. बोर्ड मात्र अनेक थरांचा असतो आणि तडा आतल्या वाटा कापत गेलेला असतो. एखादी वाट जोडून देता येते, आतल्या थरातल्या चार तुटल्या असतील तर मी हात जोडते.

आता ओळंबांच्या बाजूचं. माझ्याकडे आलेली अशी बहुतेक कार्डं टेबलावर बसल्या बसल्या तडकलेली नव्हती. कॅबिनेट उभं ठेवून, कार्ड आतच ठेवून, गाडीतून नेलेली होती. प्रत्येक खड्ड्याला दोन किलोचा हिसका त्या कोपऱ्यावर. न्यायचंच असेल तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात न्या. ते जमत नसेल तर कॅबिनेट आडवं करा, मदरबोर्ड खाली आणि कार्ड त्यावर उभं राहील असं.

पक्कडपाना
ताई, म्हणजे टेकू हवाच ना?

कथिलाचा थेंब
जड कार्डाला हवा, पण नीट लावलेला. एकाने स्क्रूचा स्टँड पंख्याच्या प्लास्टिकखाली लावला आणि 'घट्ट असलेला बरा' म्हणून पिळत गेला. प्लास्टिक दबून पाती घासायला लागली. दुसऱ्याचं कार्ड टोकाला वर उचललं गेलं होतं, म्हणजे तोच ताण उलट्या दिशेने. टेकू धातूच्या चौकटीखाली यावा आणि त्याने फक्त शिवावं. ढकलू नये.

जुनं खोकं
मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. आयएसए या जुन्या स्लॉटच्या काळात पूर्ण लांबीच्या कार्डाचं पुढचं टोक कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला एका खाचेत बसायचं. दोन्ही टोकांना आधार, विषय संपला. कित्येक वर्कस्टेशन कार्डांच्या शेपटाला अजूनही तशी पट्टी लावायला भोकं असतात. घरगुती कॅबिनेटांतून ती खाच गेली, कार्डं मात्र विटेएवढी झाली. आणि आता आधार वेगळा विकत घ्या!

काचेआड
एवढी डोकेफोड कशाला? स्लॉटपासून कार्डापर्यंत जाणारी रायझर केबल लावा, कार्ड काचेकडे तोंड करून उभं करा. झोल नाही आणि दिसतंही झकास.

पक्कडपाना
झकास दिसेल, पण पंखे काचेला नाक लावून बसले तर श्वास कुठून घेणार? आणि केबल जुन्या पीसीआय एक्सप्रेस ३.० पिढीची, कार्ड ४.० चं असेल तर कधी स्क्रीन काळी, कधी मधेच गटांगळी. मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन स्लॉट ३.० वर आणायचा. एक दुखणं घालवून दुसरं घरात.

काचेआड
माझी काच चार बोटं लांब आहे, तापमानात दोन अंशांचाही फरक नाही. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका.

कथिलाचा थेंब
ओळंबा, स्टँडचं नंतर बघा, आधी हे करा. मशीन बंद, वायर काढा. मागचे दोन्ही स्क्रू सैल करा, एका हाताने शेपूट सपाट होईपर्यंत उचला आणि तसंच धरून स्क्रू आवळा. मग सुरू करून जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये बघा, लोड असताना एक्स१६ (डेटाच्या सोळा वाटा) दिसतंय की एक्स८ (आठच). स्लॉट एक्स१६ चा असून एक्स८ दिसलं तर कार्ड नीट बसलेलं नसण्याची शक्यता आहे.

ओळंबा
केलं. एक्स१६ च आहे. मागे ११८, पुढे ११५. दोन स्क्रूंनी ७ चे ३ झाले, फुकटात! म्हणजे माझंच खरं.

पक्कडपाना
आणि उरलेले ३?

ओळंबा
ते माझे लाडाचे. घर बदलताना कार्ड काढून नेईन, ताईंचं एवढं मान्य. टेकू नाही.

पक्कडपाना
महिन्याने पुन्हा पट्टी लाव आणि आकडा इथेच टाक. ११५ च्या खाली गेला तर बोलू.