सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी सुरू होत नाही (पेट्रोल + सीएनजी)

मुळशीकर

गाडी पेट्रोल हॅचबॅक आहे, १.२ लिटर, चार सिलिंडर, २०१४ चं मॉडेल. रनिंग १,१२,००० किमी. बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेलं आहे, त्यामुळे सुरू पेट्रोलवर होते आणि इंजिन गरम झालं की आपोआप गॅसवर जाते.

दोन आठवडे सकाळी तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागायचा. कालपासून इंजिन पकडतच नाही. सेल्फ मात्र दणदणीत फिरतोय. बॅटरी आठ महिन्यांची आहे, उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना १०.४ च्या खाली जात नाही. परवापर्यंत एकदा गॅसवर गेली की काही तक्रार नव्हती, पिकअपही नेहमीसारखा. टाकीत पेट्रोल शेवटच्या काडीवर आहे, एरवीही तेवढंच असतं.

गॅरेजमध्ये चारही कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणाऱ्या) बदला म्हणतात, त्यानेही नाही झालं तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर). हातात मल्टिमीटर आणि १० चा पाना आहे. खर्चाआधी घरी काय काय तपासता येईल?

पाना_पक्कड

कॉइलला हात लावू नका. चार कॉइल एकदम जात नाहीत, आणि गॅसवर चालताना याच कॉइल, हेच प्लग ठिणगी देतात. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते. म्हणजे कॉइल कमजोर असती तर आधी गॅसवर मिसिंग (ठिणगी चुकून इंजिन अडखळणं) आलं असतं.

पहिली तपासणी कानाने करा. काचा बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. किल्ली ऑनवर न्या, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद 'घुंऽऽ' असा आवाज येऊन थांबला पाहिजे, तो पेट्रोल पंप. ऐकू आला नाही तर टाकीचं झाकण उघडून दुसऱ्या कुणाला तिथे कान लावायला सांगा.

दुसरी तपासणी तुमच्या गाडीत फुकटात होते. बऱ्याच किटमध्ये थेट गॅसवर सुरू करायची सोय असते: किल्ली ऑन करून गॅसचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरायचं आणि ते दाबलेलंच ठेवून सेल्फ मारायचा. तुमच्या किटची नेमकी पद्धत पुस्तिकेत बघा. अशी सुरू झाली तर अर्धी यादी खोडता येते. ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला सांगणारा) चालू आहे, इमोबिलायझर (चोरी रोखणारं किल्लीचं लॉक) अडवत नाही. आणि ईसीएमसुद्धा ठीक, कारण गॅसचा कंट्रोलर ईसीएमकडून येणाऱ्या पेट्रोल इंजेक्टरच्या सिग्नलवरूनच गॅस सोडतो. तो सिग्नल नसेल तर गॅसही मिळत नाही.

हे फक्त तपासणीपुरतं. थंड रिड्यूसरवर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) रोज सुरू करत राहिलात तर त्याचे रबरी पडदे खराब होतात.

एक काळजी घ्या. सेल्फ सलग १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा.

तांब्याची_तार

पंपाचा आवाज आला नाही म्हणून लगेच नवा पंप आणू नका. पंपाचा फ्यूज काढून बघा, मग रिले (पंपाचा सप्लाय जोडणारा विजेचा स्विच). बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असतो (बहुतेक वेळा हॉर्नचा), त्याच्याशी अदलाबदल करा.

पुढे मागची सीट उचलून टाकीवरचा कनेक्टर काढा. चार वायरी असतील तर दोन जाड पंपाच्या, दोन बारीक पेट्रोलच्या काट्याच्या. जाड वायरींवर मल्टिमीटर लावून फसू नका. दहातला एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो. तिथे २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावा आणि किल्ली ऑन करा. दोन सेकंद लख्ख पेटला तर वायरिंग ठीक, पंप गेला. मिणमिणला तर अर्थिंग किंवा जोड खराब. पेटलाच नाही तर फ्यूज-रिलेकडे परत. किल्ली नुसती ऑन ठेवली तर सप्लाय तेवढेच दोन-तीन सेकंद मिळतो, म्हणून बल्ब आधी लावा, किल्ली नंतर. पेट्रोलचा वास येत असेल तर हे काम तिथेच थांबवा.

कनेक्टर नीट बघा. पिनेभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी झालेलं असेल, पिन काळी पडून सैल झाली असेल, तर बिघाड तुमच्या डोळ्यांसमोरच आहे. पिन सैल, म्हणून तापते, तापली की आणखी सैल होते. अशा कनेक्टरवर नवा पंप लावला तरी थोड्याच दिवसांत तेच रडगाणं.

काही फिटर गॅसवर असताना पंप बंद राहावा म्हणून त्याच्या वायरीत वेगळा रिले टाकतात. जोड पिळून वर टेप मारलेली असते. तो जोड सापडला तर सोल्डर करून घ्या.

मुळशीकर

दोघांचे आभार. थेट गॅसवर पहिल्या सेल्फला सुरू झाली! पंपाचा आवाज येतो, पण बारीक आणि थोडा घरघरता. बल्ब लख्ख पेटला. पाच लिटर पेट्रोल घातलं, तरी पेट्रोलवर नाही.

रेल_प्रेशर

मग आता दोनच जागा उरल्या: पंप फिरतोय पण दाब देत नाही, किंवा दाब आहे पण इंजेक्टर उघडत नाहीत.

दाब मोजायचं गेज नसेल तर आधी प्लग बघा. पेट्रोलवर ठेवून आठ-दहा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच एक प्लग काढा. टोक कोरडं, वास नाही, तर पेट्रोल पोचतच नाही. ओलं असेल तर उलटा प्रकार, जास्त पेट्रोल जातंय. तेव्हा कूलंटच्या तापमानाचा सेन्सर तपासा. तो साधारण २० अंशाला २ ते ३ किलोओहम दाखवतो. वायर तुटली असेल तर ईसीएमला कडाक्याची थंडी वाटते आणि तो पेट्रोल ओततो.

कोरडं असेल, आणि मला तेच अपेक्षित आहे, तर गॅरेजमध्ये गेज लावून घ्या. रिटर्न लाइन नसलेल्या अशा सिस्टिममध्ये दाब साधारण ३ ते ४ बार हवा, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. लाइन सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून दोनदा सेल्फ मारा म्हणजे आतला दाब उतरतो, नाहीतर पेट्रोलची पिचकारी तोंडावर येते. दाब दीड-दोन बारवरच अडकला तर पंपाच्या तोंडाची जाळी तुंबलेली, रेग्युलेटर गळका किंवा पंप झिजलेला. घरघर ऐकता माझा कौल पंप आणि जाळीला.

दाब बरोबर आला तर मात्र पंप बदलू नका. सिक्वेन्शियल किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी तोडून गॅसच्या कंट्रोलरमधून फिरवलेल्या असतात. आतला संपर्क खराब झाला की ईसीएमचा सिग्नल तिथेच अडतो: गॅसवर गाडी छान, पेट्रोलवर मेलेली. इंजेक्टरच्या सॉकेटमध्ये टेस्टर एलईडी लावून सेल्फ मारा, ती लुकलुकली पाहिजे. इंजेक्टरचा रेझिस्टन्स साधारण १२ ते १६ ओहम येतो.

मूळ कारण तुम्हीच लिहिलंय, शेवटची काडी. गॅसवर चालतानाही बहुतेक गाड्यांत पंप फिरत राहतो, आणि त्याला थंडावा आणि वंगण पेट्रोलचंच मिळतं. तळाशी तीन लिटर असेल तर तेच पेट्रोल फिरून फिरून तापतं आणि तळाचा गाळ जाळीत ओढला जातो.

पाना_पक्कड

सीएनजी नसलेल्यांसाठी: सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. जरासा हलला तर क्रँक सेन्सर सिग्नल देतोय. शून्याला चिकटून राहिला तर संशय तिथेच. काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही, तेव्हा स्कॅनरवर आरपीएम वाचा, २०० च्या आसपास दिसले पाहिजेत. बिघाडाचा कोड बहुधा पी ०३३५. गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने सुरू होते, हे त्याचंच लक्षण. डॅशवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून बघा.

आणि सेल्फचा आवाज नेहमीचा 'गुर्र-गुर्र' न येता एकसारखा, हलका, सुसाट आला तर सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो, आणि पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आपटून ते वाकतात.

मुळशीकर

प्लग कोरडा. गेजवर १.४ बार. पंप बाहेर काढला तर जाळी काळी कुळकुळीत, बोटाला चिखलासारखा थर. पंप आणि जाळी दोन्ही नवीन घेतोय. बसवताना काय बघू?

रेल_प्रेशर

टाकीचा तळ पुसून घ्या, नाहीतर नवी जाळी त्याच गाळात बसेल. झाकणाचा रबरी सील नवाच घाला, जुना फुगलेला असतो आणि परत बसत नाही. किमान दहा लिटर पेट्रोल भरा. सेल्फ मारण्याआधी किल्ली तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, दर वेळी पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबून. रेल (इंजेक्टरना पेट्रोल देणारी नळी) भरली की पकडेल. सुरू झाल्यावर झाकणापाशी आणि रेलच्या जोडापाशी गळती बघा, मगच सीट बसवा.