आयेल्ट्स स्पीकिंगला मार्क नक्की कसे देतात?

सिस्टर_मिरज:
नमस्कार, मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, युकेला जायचंय. आयेल्ट्सचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा रिझल्ट आला, लिसनिंग 7.5, रीडिंग 7, रायटिंग 6.5, स्पीकिंग 6.5. ओव्हरऑल 7 झालेत पण तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला स्पीकिंगमध्येही 7च लागतात, तिथंच घोडं अडलंय. क्लासमध्ये दिलेली उत्तरं पाठ करून गेलेले, कुठं अडखळले पण नाही. मराठी ॲक्सेंटमुळे कापतात का?

पुणेकर_07:
ताई, ॲक्सेंटचे मार्क कापत नाहीत. फ्लुएन्सी, शब्दसंपत्ती, ग्रामर आणि उच्चार असे चार भाग, प्रत्येकाला 9 पैकी बँड, म्हणजे गुण, आणि चौघांची सरासरी. म्हणजे 7, 7, 6, 6 पडले की झाले 6.5. रिझल्टवर हे चार आकडे वेगळे दाखवत नाहीत म्हणून कुठं कमी पडलो ते कळत नाही, हे मला अजिबात पटत नाही. पाठांतराचं म्हणाल तर एक्झामिनरला ते लगेच कळतं हो, आणि पार्ट 3 मध्ये, म्हणजे शेवटच्या चर्चेच्या भागात, तो तुमच्याच उत्तरातून पुढचा प्रश्न काढतो, तिथं पाठ केलेलं संपतं.

सिस्टर_मिरज:
अगदी असंच झालं! क्यू कार्डवर, म्हणजे कार्डावर दिलेल्या विषयावर, दोन मिनिटं घडाघडा बोलले, मग त्यांनी विचारलं की आजकाल लोक एकमेकांना कमी मदत करतात का, तर दोनच वाक्यं बोलून गप्प बसले.

आजरेकर:
मी दुसऱ्या वेळी 7.5 काढले म्हणून सांगतो. उच्चारात ते बघतात की समोरच्याला सहज कळतंय का आणि जोर बरोबर ठिकाणी पडतोय का. आपण 'डेव्हलप' म्हणताना डे वर जोर देतो, तो व्हे वर हवा. 'कम्फर्टेबल'मध्ये तर आपण चक्क टेबल म्हणतो, ते 'कम्फ्टबल' असं झटकन म्हणायचं. मी रोज फोनवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकायचो, दहा दिवसांत फरक कळला. आणि मत चूक की बरोबर याचे मार्क नसतात, मत का आहे ते उदाहरण देऊन बोला, तुमच्याकडं तर वॉर्डातली शंभर उदाहरणं असतील.

पुणेकर_07:
आणि कॉम्प्युटरवर दिली असेल तर 60 दिवसांत एकट्या स्पीकिंगची रीटेक देता येते, सगळी परीक्षा परत नको. रीचेक पण असतं, रेकॉर्डिंग दुसरा एक्झामिनर ऐकतो, बँड बदलला तर फी परत. पण तुम्ही पार्ट 3 ला गप्प बसलात म्हणताय तर मी रीटेकच द्या म्हणेन.

सिस्टर_मिरज:
कॉम्प्युटरवरच दिली होती. उद्या नाईट ड्युटी संपली की रीटेकची तारीख घेते. आजरेकर दादा, डेव्हलप आत्ताच दहा वेळा म्हणून बघितलं.